दुरडीतला बटन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलांना नाही, मित्रांना नाही, आणि बायकोला—तिला तर नाहीच नाही. देवाला ठाऊक असेल, पण मी होऊन त्यालाही सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू? तुम्ही आमच्या घरी चहाला येणार नाही, म्हणून.

गोष्ट तशी हसण्यासारखी आहे. सांगताना मीही हसणारच आहे. फक्त ते हसू शेवटपर्यंत पुरेल की नाही, ते मला ठाऊक नाही.

परवा नात पुण्याहून शिरूरला आली आणि म्हणाली, "आजोबा, छोटंसं कुत्रं पाळलं तर? ते केसाळ असतं ना, मांडीवर बसणारं, तसलं." झालं! मास्तरकीची सवय, मी सुरूच झालो. म्हटलं, बाई गं, फायदे पुष्कळ आहेत. खाणं चिमणीएवढं, जागा उशीएवढी. थंडीत पायाशी घेतलं की शेगडी नको. पाहुणा फाटकाशी आला की आत वर्दी पोचते. आणि आपण कोपऱ्यावरून काडेपेटी आणायला गेलो तरी काशीयात्रा करून आल्यासारखं स्वागत होतं. आता तोटे ऐक. केस! कोटावर केस, आमटीत केस, देवाच्या गंधातसुद्धा केस. उंबऱ्यावरून वाळकं पान उडालं तरी घर डोक्यावर घेईल, आणि कोंबडीचोर आला तर त्याचा हात चाटेल. उन्हाळ्यात धापा टाकतं. चिखलात गेलं की चारही पाय पुसा. रस्त्यात गावठी कुत्री दिसली की त्याला कडेवर घ्या—आणि कडेवर घेतलं की लोक काय म्हणतात, तेही ऐका—

इथं मी थांबलो. नात माझ्याकडे बघतच राहिली होती. "आजोबा, तुम्हाला हे सगळं कसं माहीत? तुम्हाला तर कुत्र्याची भीती वाटते ना?"

मी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात आतून शालनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज आला. "कुत्र्याचं नाव काढू नको गं बाई. ह्यांना एकदा चावलंय. माझ्यामुळं."

माझ्यामुळं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ती हा शब्द म्हणते आहे. आता तिचे सगळे केस पांढरे झाले.

सांगतो. पण मला पहिल्यापासून सांगू द्या, एकदम नाही जमायचं.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. मी शिरूरला प्राथमिक शाळेत मास्तर. घरात मी आणि माझे वडील, आबा. आई मी लहान असतानाच गेली होती. घोड नदीच्या काठाला आबांची शेवंतीची आणि भाजीची बाग होती. तरुणपणी त्यांनी तालीम केलेली. शरीर उतरलं तरी मिशा तालमीतच राहिल्या होत्या. शालन दौंडची. तिचे वडील तिथल्या रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर. त्यांच्या क्वार्टरच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचा. ती माणसं कायमची विलायतेला निघाली, तेव्हा ड्रायव्हरच्या मडमेनं आपलं पामेरियन कुत्रं शालनच्या ओंजळीत ठेवलं आणि डोळे पुसत गाडीत बसली. वेचलेल्या कापसासारखं पांढरं, आणि त्यात दोन काळेभोर गोल डोळे. मडमेनं त्याचं नाव बटन ठेवलं होतं. शालननं तेच चालवलं.

लग्नानंतर शालन पहिल्यांदा माहेरी जाऊन परत आली, तेव्हाची ही गंमत. सून माहेराहून येताना शिदोरी आणते. लाडू, करंज्या दुरडीत घालायच्या, वर कापड बांधायचं, आणि सासरी आल्यावर भावकीत वाटायचं. दौंडची एस.टी. आली तशा भावकीतल्या बायका पदर सावरून आमच्या ओट्यावर हजर. दुरड्या दोन होत्या. आबांनी घरच्या कर्त्याच्या थाटात नेमकी मोठी दुरडी पुढं ओढली आणि कापड सोडलं.

आतून बटननं डोकं वर काढलं, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि जांभई दिली.

"आरं हे काय हाय?" आबा म्हणाले. "आन् लाडू कुठं हायती?"

"आगं बया, शिदोरीला जीव फुटला!" आमची थोरली चुलती ओरडली, आणि सगळा ओटा हसायला लागला.

शालननं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला आणि हळूच म्हणाली, "मामंजी, तो चावत नाही. कधीच कुणाला चावला नाही."

हे वाक्य मला आजही तिच्या त्याच आवाजात ऐकू येतं.

आता अडचण अशी की कुत्र्याला फिरवायला न्यावं लागतं. नवी सून कुत्रं घेऊन शिरूरच्या रस्त्यानं निघाली असती तर भावकीला चार महिने दुसरा विषय लागला नसता. आबा तर त्याच्याकडे बघून नुसतेच "हं" करायचे. राहिलो मी. शाळा सुटली की धोतर, कोट, टोपी अशा वेषात मी पुढं, आणि मागं दोरीला तो पांढरा गोळा, दुडुदुडु. वाटेवर आबांचीच जुनी तालीम. पैलवान लंगोट वाळत घालून बाहेर बसलेले असायचे.

"मास्तर, लोकर कवा कापायची?"

"आवो मास्तर, त्येला उचला की, मांजर न्हेतंय बघा!"

आणि खरंच उचलावं लागायचं हो! गावठी कुत्री चहूबाजूंनी धावून यायची, आणि मला बटनला छातीशी धरून मान ताठ ठेवून चालावं लागायचं. महिन्याभरात गावानं माझं नाव बटनमास्तर ठेवलं. एके दिवशी शाळेत फळ्यावरच लिहिलेलं सापडलं. अक्षर सुंदर होतं—मीच शिकवलेलं.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? पण मास्तराला टोपणनाव पडलं की मास्तरकी संपते, असं मला तेव्हा वाटायचं. त्यात आबांच्या नजरेत मी आधीच कमी. त्यांचा मुलगा, आणि दंडाला बेटकुळी नाही! एकदा ते जेवता जेवता म्हणाले, "लोक मला बी इचारत्यात, ल्योक मास्तर हाय का गारुडी?" शालनचा हात भाकरी वाढता वाढता थांबला. मी आमटीत भाकरी कुस्करत राहिलो.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, ती सोपी आहे. बटन मला आवडायचा. भारी आवडायचा. संध्याकाळी मी वह्या तपासत बसलो की तो माझ्या पावलांवर येऊन झोपायचा, आणि त्याला जाग येऊ नये म्हणून मी मुंग्या आल्या तरी पाय हलवत नसे. आसपास कुणी नसलं की मी त्याच्याशी बोबडं बोलायचो. हो, मी! शालन चाहूल देत आत आली की लगेच घसा खाकरून म्हणायचो, "चल, ऊठ, हाड!" तिला वाटायचं, मी तिच्यासाठी म्हणून त्याला सोसतोय. मीही तिला तसंच वाटू दिलं. म्हणजे बघा, खोटं बोलायची सुरुवात तिथूनच झाली होती.

आता मुद्द्यावर येतोय मी. थोडं उरलंय.

पावसाळा सरत आला होता. त्या दिवशी मी सायकल काढली, म्हटलं तालमीसमोरून भुर्रकन निघून जाऊ. बटनला पिशवीत घालून पिशवी हँडलला अडकवली. तोंड बाहेर काढून तो वारा खात होता, एकदम खूश. पण तालमीसमोर व्हायचं तेच झालं. "बटनमास्तर, डबलशीट चाललाय जणू!" मागं हशा. मी चिडून जोरात पायडल मारले, नदीच्या वाटेला वळलो, आणि चिखलात चाक घसरून बाभळीखाली आडवा झालो. पायडलचे दाते नडगीत रुतले. चांगलं रक्त आलं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. बटन पिशवीतून बाहेर पडला, अंग झटकलं, आणि येऊन माझी नडगी चाटायला लागला. मधेच माझ्या तोंडाकडे बघायचा, परत चाटायचा.

मी घरी आलो. ओट्यावर आबा शेवंतीच्या पाट्या भरत होते, चुलती फुलं निवडत होती. आबांची नजर पायावर गेली. "काय झालं रं?"

सायकलवरून पडलो, एवढं म्हणायचं होतं. पण आबांच्या मिशीखाली हसू दिसायला लागलं होतं—पैलवानाचा पोरगा सायकलवरून पडला! आता हे तालमीत जाणार, उद्या फळ्यावर येणार. मी म्हणालो, "कुत्रं चावलं."

"कंचं?"

इथंही मला वाट होती. एखादं भटकं, काळं, शेपूट तुटकं कुत्रं सांगता आलं असतं. शिरूरमध्ये त्यांचा काय तोटा होता? पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला—एका शब्दात पडल्याची लाजही झाकली जाईल, आणि ते नावही सुटेल, कायमचं. मी बोट केलं. "हेच."

बटन माझ्याच पायाशी बसला होता. मी बोट केलं तर त्याला वाटलं बोलावतोय. तो शेपूट हलवत उभा राहिला.

हीच ती गोष्ट. बटन कधीच चावला नव्हता. मी खोटं बोललो.

शालन आतून पिठाच्या हातांनी धावत आली. मला वाटलं, ती म्हणेल, "शक्यच नाही." तिनं माझ्याकडे बघितलं, पायाकडे बघितलं, आणि तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. लगेच, काही न विचारता. खाली बसून त्याला म्हणाली, "बटन, असं का रे केलंस?" तिचा रागावलेला आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. त्यानं कान पाडले. मग ती आबांच्या पाया पडली. "चुकलं मामंजी. माझ्यामुळं झालं. सगळे नको म्हणत असताना मी आणला."

खरं म्हणजे नको असं कुणीच म्हटलं नव्हतं.

तोवर भावकीतली पोरं काठ्या घेऊन आलीच होती. चावरं कुत्रं म्हटलं की त्या काळी दुसरा विचार नसे. शालननं त्याला पदरात घेतलं आणि दाराच्या आत जाऊन उभी राहिली. "उद्या दौंडला पोचवते," म्हणाली, "पण मारू नका." मी नुसता काठ्यांकडे बघत होतो. पोरांना आबांनी हाकललं, मी नाही.

सकाळी ती आणि आबा पहिल्या एस.टी.नं निघाले. माहेरची दुरडी रिकामी परत करत नाहीत, त्यात घरचं काहीतरी घालून पाठवायचं असतं. आमच्या घरून त्या दुरडीत बटन परत गेला.

पुढं जे झालं त्याला मात्र तुम्ही खुशाल हसा, मी त्याच्याच लायकीचा होतो. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, धडधाकट राहिलं तर काळजी नाही. सासऱ्यांनी दौंडहून निरोप धाडला, बटन ठणठणीत आहे. पण आबा ऐकतील तर ना! "त्येंचंच कुत्रं, आन् साक्षीदार बी त्येच! सगळ्या सुया टोचा ह्येला." सगळ्या म्हणजे पोटात चौदा. तुम्ही आजकालची माणसं, तुम्हाला त्या सुईची लांबी सांगून पटायची नाही. दादामियां नावाचे कंपाउंडर होते, हसतमुख माणूस. रोज माझे खांदे दाबून धरायचे आणि विचारायचे, "मास्तर, पानी बघून भ्या तर न्हाई ना वाटत?" पिसाळलेल्या माणसाला पाण्याची भीती वाटते, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यामुळं घरी मी तांब्या उचलला की आबा हातातलं काम टाकून बघत बसायचे. घोट गेला की सुस्कारा. एकदा मला ठसका लागला तर चुलतीनं रडायलाच सुरुवात केली. विषावर उतारा म्हणून कुणीतरी सात विहिरींत डोकावून यायला सांगितलं, तेही केलं. नदीकाठच्या एकेका बागेत आबा मला घेऊन जायचे आणि मालकाला अभिमानानं सांगायचे, "कुत्रं चावलंय, पर गडी रडला न्हाई!"

तर असा मी शूर झालो. बटनमास्तर हे नाव गेलं. पैलवान आपण होऊन रामराम घालायला लागले. जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं की मला!

आणि शालन? पोट दुखायचं म्हणून ती मीठ गरम करून कापडात बांधून शेकायची. शेकताना तिचे डोळे भरून यायचे. मी म्हणायचो, "असू दे गं, तुझी काय चूक?" किती मोठा मनाचा नवरा! असंच तिनं माहेरी सांगितलं.

दिवाळसणाला दौंडला गेलो. मला वाटलं, त्या इवल्याशा प्राण्याला काय आठवतंय. क्वार्टरच्या रांगेच्या त्या टोकाला तो होता. त्यानं मला लांबूनच ओळखलं आणि कान मागं टाकून असा सुटला की कोळशाच्या काळ्या वाटेवरून पांढरी रेघ यावी. मला खाली बसून त्याला उचलायचं होतं. खरंच सांगतो, हात पुढं झाले होते. पण मागं शालन उभी होती. ज्याला कुत्रं चावलंय, तो माणूस असा हात पुढं करेल का? मी धोतर आवरलं, अंगणातल्या बाजेवर चढलो आणि ओरडलो, "हाड! हाड!"

तो थांबला. शेपूटही थांबलं. मग त्याला वाटलं, खेळतोय मी. परत हलवायला लागला. सासूबाईंनी हातातला झाडू उगारला तेव्हा कुठं तो मागं सरला.

"जावईबापू, तुम्ही निवांत बसा," सासरे म्हणाले. "त्याला कोळशाच्या खोलीत कोंडतो." पाटावर बसवून, ओवाळून, मला बासुंदी वाढली, आणि मी जेवत असताना त्या खोलीचं दार नखांनी खरवडल्याचा आवाज येत होता. शालन मला आग्रह करत होती. त्यानंतर जावई दौंडला येणार म्हटलं की आधी बटन कोळशाच्या खोलीत. संध्याकाळी बाहेर काढला की काळाकुट्ट दिसायचा.

एरवी त्याचं बरं चाललं होतं. शेडचा भोंगा झाला की तोही तोंड वर करून साथ द्यायचा, आणि कामगार डब्यातली भाकरी त्याला द्यायचे. म्हातारा होऊन गेला. मेव्हणा सांगायला आला, त्या दिवशी शालन बराच वेळ चुलीपाशी पाठ करून बसली. मग माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुम्ही त्याच्यावर मनात राग धरू नका हं. मुका जीव होता. तेवढं त्याला माफ करा."

सांगून टाकायला ह्यापेक्षा चांगली वेळ कुठली होती? मी काय म्हणालो, सांगू? मी म्हणालो, "मी कधीच माफ केलंय त्याला."

नातीला फायदे-तोटे सांगताना एक गोष्ट मी गाळली. ही कुत्री राग धरत नाहीत. हा फायदा समजायचा की तोटा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नडगीवर वण आहेत. पोरं लहान असताना हौसेनं बघायची. एका सरळ रेषेत सारख्या अंतरावर उमटलेले दात! असा जबडा कुठल्या कुत्र्याला असतो, हे एकानंही विचारलं नाही. शालननं तर नाहीच. तिनं परत कधी कुत्रं पाळलं नाही. पोरांनी पिल्लू आणलं की तीच त्यांची समजूत घालून परत द्यायला लावायची. परवा नातीलाही तिनंच नको म्हटलं. नात दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली.

काल संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला गेलो होतो. आता आम्ही हळू चालतो. नदीकडच्या वाटेवर एका बंगल्यातून एक पांढरं, केसाळ कुत्रं धावत बाहेर आलं, अगदी तसंच. शालन लगेच माझ्या पुढं झाली. ती नेहमीच होते. इतकी वर्षं रस्त्यात कुठलंही कुत्रं दिसलं की ती माझ्या आणि त्याच्या मधे येऊन उभी राहते. कुत्रं तिच्या पायांशी घुटमळलं, मागच्या पायांवर उभं राहिलं. तिचा हात खाली गेला. बोटं त्याच्या डोक्याला लागतील न लागतील एवढ्यात तिला माझी आठवण झाली असावी. तिनं हात मागं घेतला आणि पदराला पुसला.

"भिऊ नका," ती म्हणाली. "मी आहे ना मधे. चला."

मी तिच्या मागं मागं चालायला लागलो.